हाड वाकायचे कधी थांबते? मांडीच्या हाडाविषयी वाचकांचे प्रश्न

उतारवयात मांडीचे हाड का मोडते, याविषयी प्रश्न पाठवा, असे गेल्या अंकात कळवले होते. बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातून बरीच पत्रे आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून ही उत्तरे देत आहोत. अस्थिशल्यचिकित्सा करणारे आणि हाडांच्या यांत्रिकीचा अभ्यास करणारे अशा दोघांनी मिळून ती लिहिली आहेत. औषध सुरू किंवा बंद करायचे असेल तर आपल्या डॉक्टरांशी बोलूनच करावे.

मी उद्यमबागेत फौंड्रीच्या टेस्टिंग विभागात आहे. बिडाचा (कास्ट आयर्नचा) तुकडा मशीनवर ओढला तर तटकन तुटतो. माइल्ड स्टील आधी लांबते, मग तुटते. म्हातारपणी हाडाचे बीड होते असे ऐकले. ते कितपत खरे? आकडे असल्यास द्यावेत.
— वाचक, उद्यमबाग, बेळगाव

तुमचे निरीक्षण योग्य वाटेवर आहे. फक्त तरुण हाडही काही माइल्ड स्टील नसते. मांडीच्या हाडाच्या दांड्यातून लांबीच्या दिशेने कापलेला नमुना ओढला, तर तो पाऊण टक्का लांबेपर्यंत स्प्रिंगसारखा वागतो. त्यापुढे आत सूक्ष्म तडे पडू लागतात. तडे पडत असतानाच हाड आणखी लांबते आणि बरीचशी ऊर्जा तिथेच जिरते. वयाबरोबर कमी होतो तो मुख्यतः हा दुसरा टप्पा.

१९७६ साली बर्स्टीन, रायली आणि मार्टेन्स यांनी वेगवेगळ्या वयांच्या मांडीच्या हाडांची मोजमापे प्रसिद्ध केली. विशी-तिशीच्या हाडाची ताण सोसण्याची ताकद सुमारे १४० मेगापास्कल होती, ऐंशीच्या पुढच्या हाडाची १२० (एक मेगापास्कल म्हणजे चौरस मिलिमीटरवर सुमारे शंभर ग्रॅमचा जोर; गिगापास्कल त्याच्या हजार पट). ताठपणा १७ गिगापास्कलवरून १५.६ वर आला. तुटेपर्यंतची लांबण मात्र ३.४ टक्क्यांवरून २.४ टक्क्यांच्या आसपास घसरली. म्हणजे ताकद सुमारे सातव्या हिश्श्याने घटली, तर लांबण जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने. १९९८ साली झिओपस आणि करी यांनी ३५ ते ९२ वर्षे वयाच्या हाडांवर मोजले, तेव्हाही हाच कल दिसला. पस्तिशीच्या मूल्याच्या तुलनेत दर दहा वर्षांना ताठपणा २.३ टक्के, ताकद ३.७ टक्के आणि हाड तोडायला लागणारे काम तब्बल ८.७ टक्के घटते. पंच्याऐंशीपर्यंत हिशेब केला तर तोडायला लागणारे काम चाळीस टक्क्यांहून जास्त घटलेले असते. पडल्यावर हाड मोडते ते या तिसऱ्या आकड्यामुळे, कारण धक्क्याच्या वेळी हाडाला ऊर्जा गिळायची असते.

कारणे तीन, आणि तिन्ही एकमेकांत गुंतलेली. पहिले, पोकळ्या. हाडातून रक्तवाहिन्या नेणाऱ्या बारीक नळ्या रुंदावत जातात आणि कडक थरातील पोकळीचे प्रमाण वाढते. तरुणपणी ते पाच टक्क्यांच्या आसपास असते, म्हातारपणी दुप्पट-तिप्पट होऊ शकते. आतल्या बाजूचा कडक थर तर इतका पोखरतो की जाळीदार हाडासारखा दिसू लागतो. दुसरे, कोलॅजन, म्हणजे हाडातले प्रथिनाचे तंतू. हाडाच्या वजनात सुमारे साठ-पासष्ट टक्के खनिज, पंचवीस टक्के मुख्यतः कोलॅजनचे सेंद्रिय द्रव्य आणि बाकी पाणी. ताठपणा खनिजामुळे येतो, तुटण्याआधीची लवचीकता कोलॅजनमुळे. वर्षानुवर्षे रक्तातील साखर कोलॅजनच्या तंतूंना चिकटून त्यांच्यात आगंतुक गाठी पडतात आणि तंतू सरकू शकत नाहीत. मधुमेहात या गाठी जास्त पडतात. तिसरे, न बुजलेले सूक्ष्म तडे: रोजच्या चालण्याने ते पडतच असतात, पण म्हातारपणी दुरुस्ती मागे पडते.

तुम्ही टेस्टिंगचे काम करता म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. हाडाचा नमुना सुकला की आकडे बिघडतात. सुके हाड जास्त ताठ आणि जास्त ठिसूळ होते. म्हणून नमुना सलाइनने भिजवलेल्या कापडात गुंडाळून उणे २० अंशांवर गोठवतात आणि चाचणी होईपर्यंत ओला ठेवतात. दिशाही पाहावी लागते. लांबीच्या दिशेने १३० मेगापास्कल सोसणारे हाड आडव्या दिशेने ओढले तर पन्नासच्या आसपासच तुटते.

आता आकाराचा हिशेब. तो कागदावर करून पाहण्यासारखा आहे. समजा, तरुण दांड्याचा बाहेरचा व्यास २७ मिमी आणि आतल्या पोकळीचा १३. वयाबरोबर पोकळी १८ झाली आणि बाहेरून थर चढून व्यास २८ झाला. हाडाचा माल १८ टक्के घटला. पण वाकण्याचा प्रतिकार व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतो, म्हणून तो घटण्याऐवजी टक्काभर वाढतो. बाहेरचा व्यास २७ वरच राहिला असता तर तोच प्रतिकार १५ टक्के खाली आला असता. बाहेरून चढणारा तो अर्ध्या मिलिमीटरचा थर म्हणजे शरीराने स्वतःच केलेली भरपाई आहे. पाळी गेल्यावर स्त्रियांमध्ये आतून झीज वेगाने होते आणि ही भरपाई तिला पुरी पडत नाही.

नववीच्या मुलांना हाडातील खनिज आणि कोलॅजन यांचा फरक प्रयोगातून दाखवायचा आहे. कसा दाखवावा?
— विज्ञान शिक्षिका, खानापूर

कोंबडीच्या तंगडीची तीन हाडे घ्या. शिजवलेली नकोत, उकळल्याने कोलॅजन विरघळते. मांस खरवडून, साबणाच्या कोमट पाण्यात घासून चरबी काढा. चरबी राहिली तर व्हिनेगर आत शिरत नाही आणि बहुतेक वर्गांत प्रयोग फसतो तो इथेच. एक हाड पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पूर्ण बुडवा, बरणीचे झाकण सैल ठेवा आणि दर दोन दिवसांनी व्हिनेगर बदला. आठवड्यात बारीक हाड बोटांनी वाकते. जाड हाडाचा गाभा कडक राहिला तर आणखी चार दिवस थांबा. दुसरे हाड चिमट्यात धरून उघड्या जागी निखाऱ्यावर पांढरे होईपर्यंत भाजा. ते थंड झाल्यावर टिचकीने फुटते. ही भट्टी मुलांच्या हाती देऊ नये. तिसरे हाड तसेच ठेवून तुलना करा.

मुलांना एवढे जरूर सांगा की म्हातारे हाड म्हणजे भाजलेले हाड नव्हे. त्यात कोलॅजन असते, पण आधीसारखे वागत नाही.

वय ५८, पाळी जाऊन आठ वर्षे झाली. गेल्या वर्षी अंगणात पाय घसरून मनगट मोडले. डेक्सा तपासणीत खुब्याचा टी-स्कोअर उणे २.१ आला. 'ऑस्टिओपोरोसिस नाही' असे सांगितले. निश्चिंत राहावे का?
— वाचक, निपाणी

नाही. आकडा बरोबर वाचला गेला, पण निर्णय फक्त आकड्यावर होत नाही.

टी-स्कोअर म्हणजे निरोगी तरुण व्यक्तींच्या सरासरीपेक्षा आपल्या हाडातील खनिज किती कमी-जास्त आहे, त्याचा आकडा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवल्याप्रमाणे उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाड ठिसूळ होण्याचा विकार, आणि उणे १ ते उणे २.५ मध्ये हाड विरळ. पण डेक्सा मोजते एका चौरस सेंटिमीटरच्या सावलीत किती ग्रॅम खनिज आहे एवढेच. कोलॅजनची अवस्था तिला दिसत नाही, कडक थरातील पोकळ्या वेगळ्या दिसत नाहीत, सूक्ष्म तडे तर नाहीतच. आधीच्या उत्तरात सांगितलेली, ऊर्जा गिळण्याच्या क्षमतेतील घट बऱ्याच अंशी या न दिसणाऱ्या गोष्टींमुळे होते. म्हणूनच समान टी-स्कोअर असलेल्या ५५ वर्षांच्या बाईपेक्षा ७५ वर्षांच्या बाईचा धोका जास्त असतो.

तुमच्या बाबतीत खरी खूण मनगट आहे. उभ्याच्या उंचीवरून, साध्या घसरण्याने हाड मोडले, तर तो ठिसूळपणाचाच फ्रॅक्चर मानतात. रिपोर्ट घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जा आणि फ्रॅक्स पद्धतीने पुढील दहा वर्षांचा धोका काढायला सांगा. ती शेफील्ड विद्यापीठात २००८ साली तयार झाली, भारतासाठीची आवृत्ती आहे. त्यात वय, वजन, उंची, आधीचा फ्रॅक्चर, आईवडिलांचा खुब्याचा फ्रॅक्चर, धूम्रपान, स्टेरॉइडच्या गोळ्या, ऱ्हुमॅटॉइड संधिवात आणि दारू यांची नोंद होते. सोबत रक्तातील कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, थायरॉइड आणि किडनीची तपासणी व्हावी. निपाणी भागात घरातल्या बायकाही विडी ओढतात असे पत्रात लिहिले आहे. विडीचा धूर हाडाला सिगारेटइतकाच वाईट.

पुढची डेक्सा शक्यतो त्याच मशीनवर करावी. मशीन बदलले की दोन आकड्यांची तुलना भरवशाची राहत नाही. आणि कणा झिजून त्यावर काटे वाढले असतील, तर कण्याचा आकडा खोटा चांगला येतो. अशा वेळी खुब्याचाच आकडा धरावा.

आई (७६) न्हाणीत कडेवर पडली. खुब्यापाशी हाड मोडले. 'मान मोडली' म्हणून बॉल बदलला. शेजारच्या आज्जींचेही खुब्यातच मोडले होते, त्यांना मात्र सळई घातली. फरक का? आणि रोज चालणाऱ्या बाईचे हाड एका पडण्याने कसे मोडते?
— वाचक, येळ्ळूर

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण त्यातच बरेच काही आहे.

मांडीचे हाड वरच्या टोकाला सरळ जात नाही. दांड्याशी सुमारे १२५ ते १३० अंशांचा कोन करून मान तिरकी आत वळते आणि तिच्या टोकाला गोळा बसतो. चालताना गोळ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट जोर येतो. साठ किलोच्या माणसाला तो दीडशे किलोच्या आसपास. अडखळून सावरताना तर वजनाच्या सातपटीहून जास्त. हा जोर मानेला खाली वाकवतो, म्हणून मानेची खालची बाजू दाबली जाते. जिथे दाब, तिथे हाड टिकते आणि जाड राहते. वरच्या बाजूला चालताना फारसा दाब येत नाही, म्हणून तिथला थर वयाबरोबर पातळ होत जातो.

कडेवर पडल्यावर सगळे उलटे होते. मार खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर बसतो आणि आजवर आरामात असलेली, कागदासारखी पातळ झालेली वरची बाजू अचानक दाबाखाली येते. ती आधी चेपते, मग मान तुटते. आईंचे रोजचे चालणे हाडाच्या ज्या भागाला उपयोगी पडले, तो भाग पडताना उपयोगी पडलाच नाही. १९९५ साली प्रयोगशाळेत कडेवर पडल्यासारखा भार देऊन हाडे तोडली, तेव्हा तिशीतली सरासरी ७२०० न्यूटनला मोडली आणि सत्तरीतली ३४४० न्यूटनला (दहा न्यूटन म्हणजे सुमारे एका किलोचा भार). गिळलेली ऊर्जा तर तिसरा हिस्साच. उभ्या माणसाच्या कडेवर पडण्याने अनेकदा त्याहून जास्त जोर खुब्यावर बसतो. खुब्यावरचे मांस आणि चरबी गादीचे काम करतात: एका मिलिमीटर जाडीमागे मार सुमारे ७० न्यूटनने कमी होतो, असे मोजले गेले आहे. म्हणून खंगलेल्या, बारीक म्हाताऱ्या माणसाला जास्त सांभाळावे लागते. पुढे किंवा मागे पडण्यापेक्षा कडेवर पडल्यास खुबा मोडण्याचा धोका सुमारे सहा पट.

आता बॉल आणि सळई. मान सांध्याच्या आवरणाच्या आत असते आणि गोळ्याचे बरेचसे रक्त मानेच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या बारीक वाहिन्यांतून येते. मान मोडून तुकडे सरकले की त्या फाटतात. शिवाय या भागात बाहेरून नवे हाड धरणारे आवरण जवळजवळ नसते. गोळा मृत होण्याची किंवा हाड न जुळण्याची भीती मोठी, म्हणून साठी-सत्तरीनंतर बहुधा गोळाच बदलतात. शेजारच्या आज्जींचे मानेखाली, दोन उंचवट्यांमध्ये मोडले असावे. तिथे रक्तपुरवठा भरपूर असतो, हाड जुळते, फक्त जुळेपर्यंत ते सळई किंवा पट्टी-स्क्रूने धरून ठेवावे लागते.

येळ्ळूरच्या या पत्रासारखीच आणखी पत्रे आहेत, म्हणून पडल्यावर काय करावे तेही लिहितो. पाय आखूड दिसतो आणि पंजा बाहेर वळलेला असतो, तर हाड मोडले असे समजून चाला. कधी तुकडे एकमेकांत रुतून बसतात. माणूस लंगडत चालतो आणि फक्त जांघेत दुखते. अशा वेळी एक्स-रे साफ आला तरी एमआरआय किंवा सीटी मागावा. पाय ओढू नये, चोळू नये, तेल लावू नये, हाडवैद्याकडे नेऊन बांबूच्या पट्ट्या बांधू नयेत. दोन पायांमध्ये उशी ठेवून दोन्ही पाय सैल बांधा आणि फळीवर किंवा स्ट्रेचरवर न्या. रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांची नावे आणि शेवटची केव्हा घेतली ते कागदावर लिहून द्या, ऑपरेशन त्यावर थांबते. शक्य तर पहिल्या ४८ तासांत ऑपरेशन व्हावे आणि दुसऱ्या दिवशी माणूस उभा राहावा. पडून राहिला की छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, पायात गुठळ्या होतात. घरी 'चांगला दिवस बघून' थांबणाऱ्यांना आमचे कळकळीचे सांगणे, थांबू नका.

आठवड्याची हाडाची गोळी (ॲलेन्ड्रोनेट) आठ वर्षे घेते. तीन महिने डाव्या मांडीच्या मध्याशी बाहेरून दुखते. मार लागलेला नाही. गुडघ्याचे दुखणे असेल का?
— वाचक, उचगाव

हे पत्र वाचून आम्ही छापण्याची वाट न पाहता कळवले आहे. इतर वाचकांसाठी कारण देतो.

हाडाची झीज थांबवणारी ही गोळी खुब्याचे आणि कण्याचे फ्रॅक्चर खरोखर टाळते. पण ती झिजवणाऱ्या पेशींना रोखते, आणि त्या पेशीच जुने, तडे गेलेले हाड काढून टाकतात. फार वर्षे घेतल्यावर काही थोड्या लोकांत सूक्ष्म तडे साचत जातात. मांडीचे हाड पुढे आणि बाहेर किंचित कमानदार असते आणि वजन आतल्या बाजूने येते, म्हणून दांड्याच्या बाहेरच्या बाजूवर सतत ताण असतो. तडा तिथेच सुरू होतो, आडवा आत जातो, आणि एक दिवस पाय टाकताच हाड काडीसारखे मोडते. त्याआधी आठवडे-महिने बहुतेकांना मांडीत किंवा जांघेत दुखते.

दोन्ही मांड्यांचा, खुब्यापासून गुडघ्यापर्यंतचा पूर्ण एक्स-रे काढा. दुसऱ्या पायातही तडा असू शकतो. बाहेरच्या थरावर चोचीसारखा बारीक उंचवटा दिसतो का ते पाहायला सांगा. तोवर काठी किंवा वॉकर घेऊन त्या पायावर कमी भार द्या. गोळी पुढे घ्यायची की थांबवायची, हे डॉक्टर ठरवतील. तीन-पाच वर्षांनी याचा आढावा घेणे नेहमीचेच आहे.

ज्यांनी नुकती सुरुवात केली आहे त्यांनी मात्र या भीतीने गोळी सोडू नये. टाळलेल्या फ्रॅक्चरच्या मानाने हे दुखणे फार विरळ आहे. गोळी सकाळी रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यावी आणि अर्धा तास आडवे होऊ नये. चहा-दुधासोबत ती अंगी लागत नाही आणि आडवे झाल्यास अन्ननलिका भाजते.

वडील (७८) जन्मभर भाताच्या शेतात राबले, तरी हाड मोडले. आता घरात आणखी कुणाचे मोडू नये म्हणून काय करावे?
— वाचक, नंदगड

राबण्याने हाड रुंद आणि दणकट झाले होते, पण ते राबणे थांबल्यावर मिळकत हळूहळू खर्च होते. आणि पडताना कोणता भाग दाबला जातो ते वर सांगितलेच.

आधी पडणे टाळा. खानापूर तालुक्यात पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते. दर पंधरा दिवसांनी ब्लीचिंग पावडर टाकून ताठ ब्रशने घासा, पायरीच्या काठावर पिवळा पट्टा मारा. न्हाणीतील गुळगुळीत फरशीवर मागे चिकटणारा रबरी पट्टा टाका. सैल पोते किंवा पायपुसणे नको, तेच सरकते. भिंतीला ३०-३५ मिमी जाडीचा लोखंडी दांडा ८० ते ९० सेंटिमीटर उंचीवर, भिंतीपासून चार सेंटिमीटर अंतरावर बसवा. खिळे-गट्टूने नव्हे, अँकर बोल्टने, आणि लावल्यावर पूर्ण वजन टाकून तपासा. सैल हवाई चपलांपेक्षा मागे पट्टा असलेली चप्पल बरी. रात्री न्हाणीपर्यंत छोटा दिवा जळू द्या. बायफोकल चष्मा लावून जिना उतरताना खालची पायरी धूसर दिसते, त्यासाठी लांबचा वेगळा चष्मा ठेवा. झोपेच्या आणि बीपीच्या गोळ्यांनी उठताना चक्कर येते का, ते डॉक्टरांना विचारा.

व्यायाम: नुसते चालणे पुरत नाही. ४५ सेंटिमीटर उंच खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, दोन-तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. ओट्याला धरून एका पायावर दहा सेकंद उभे राहणे, जमेल तसे वाढवत तीस सेकंदांपर्यंत. पाय बाजूला उचलणे, कारण खुब्याच्या बाहेरचे स्नायूच कडेवर कोसळताना सावरतात. कण्याचे मणके चेपलेले असतील तर वाकून ओझे उचलणारा कोणताही व्यायाम टाळा.

आहार: रोज हजार मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम हवे. १०० ग्रॅम नाचण्याच्या पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम मिळते, ज्वारीत तीसच्या आसपास, भातात नगण्य. सकाळचे नाचण्याचे आंबील, दुपारी ताक, रात्री पेलाभर दूध असे जमवले की निम्म्याहून अधिक काम होते. गोळी घ्यायची असेल तर एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. कार्बोनेट असेल तर जेवणासोबत, आणि थायरॉइडची गोळी घेतल्यापासून चार तासांनी.